बारा वाव

हरिश्चंद्रने कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घातली आणि फीत हलक्या हाताने मागे गुंडाळायला सुरुवात केली. फितीच्या कडेला पांढुरकी बुरशी धरली होती. दर दोन वेढ्यांनंतर तो थांबे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फितीवरून फिरवी, कापसाला लागलेला तपकिरी डाग बघे आणि पुन्हा पेन्सिल फिरवू लागे. समोरच्या स्टुलावर बसलेली अक्षया हे सगळं बघत होती.

ती सकाळच्या गाडीने मुंबईहून रत्नागिरीला आली होती. जुन्या, विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डी शोधून त्या नव्याने काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती काम करी. रामआळीमागच्या बोळातलं हे दुकान तिने चौकशा करत शोधून काढलं, तेव्हा हरिश्चंद्र नवरात्रात फाटलेल्या स्पीकरांच्या ढिगात बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, बारीक, कानामागे पेन्सिल खोचलेला. फोनवर तिने त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला होता आणि तिन्ही वेळा त्याने 'आठवत नाही' म्हणून सांगितलं होतं.

प्रश्न 'बारा वाव'बद्दलचा होता. परळच्या चाळीत जमणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या चार पोरांनी, त्यातला एक हरिश्चंद्र, एकत्र येऊन 'कातळ' नावाचा बँड काढला होता. पंच्याऐंशी साली त्यांनी एकच रेकॉर्ड केली. तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या निम्म्या घरी राहिल्या, आणि पुढच्या वर्षभरात बँड मोडला. मग सहा-सात वर्षांपूर्वी कुणीतरी ते गाणं इंटरनेटवर टाकलं. आता पुण्या-मुंबईची मुलं ते गिटारवर वाजवत होती. त्यातल्या ओळी टी-शर्टांवर छापून घालत होती. बारा वाव खाली उजेड नाही, बारा वाव वरती कोण उभं. 

गाण्याच्या चौथ्या मिनिटाला ड्रम, गिटार, गाणारा, सगळे एकदम थांबतात आणि एका बाईची हाक येते. गंगाऽऽ रेऽऽ. तीन वेळा. खालून गिटार हळूहळू परत येते. चौथी हाक वर चढते आणि मधेच तुटते. त्यापुढे काही नाही. गाणं तिथेच संपतं.

त्या हाकेबद्दल आणि त्या तुटण्याबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणी म्हणे, संपात बंद पडलेल्या गिरण्यांनी गंगेला घातलेली ती हाक आहे. कुणी म्हणे, हे देवाशी बोलणं आहे आणि शेवटची शांतता म्हणजे देवाचं उत्तर. अक्षयानेही कॉलेजात असताना त्यावर एक निबंध लिहिला होता. तिला आता फक्त त्या बाईचं नाव हवं होतं. नव्या रेकॉर्डच्या पाठीवर चार पोरांच्या नावांखाली तिला ते छापायचं होतं.

"'कातळ'ची गाणी लिहिणाऱ्या अनिलकाकांच्या बायकोने मला त्यांची वही दिली," ती म्हणाली. "त्यात हे आहे."

तिने मोबाइल पुढे धरला. हरिश्चंद्रने चष्मा कपाळावरून खाली घेतला. अनिलचं तिरपं अक्षर त्याने लगेच ओळखलं. 'हरीच्या आजोळची बाई. हरीने त्यांना विचारलं आहे. त्या हो म्हणाल्या. एकदा जाऊन पाया पडायचं.'

पेन्सिल थांबली. हरिश्चंद्रने ती कॅसेटमधून काढली आणि बाजूला ठेवताना दोनदा सरळ केली. अनिल जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटच्या फोनवरसुद्धा त्याने विचारलं होतं, ती बाई कशी आहे रे, एकदा भेटव.

"मी विचारलं नव्हतं," हरिश्चंद्र म्हणाला.

मग त्याने तिला सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, हातातल्या कापसाचे बारीक बारीक तुकडे करत होता.

रत्नागिरीजवळचं काळबादेवी गाव हे त्याचं आजोळ. मामाच्या घरापासून दोन घरं सोडून येसूबाईंचं घर, आणि त्यांचा मुलगा गंगाराम हा त्याच्याच बरोबरीचा. सुट्टीत दोघं होडीवर जात. खोल पाण्यात शिसाचं वजन बांधलेली दोरी सोडायची आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून मोजायची. पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी म्हणजे एक वाव. गंगाराम मोठ्याने मोजायचा. पुढे हरिश्चंद्र मुंबईला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मदतनीस म्हणून लागला, रात्री अनिलच्या खोलीवर गिटार बडवू लागला. हा 'वाव' शब्द त्यानेच अनिलला दिला. अनिलने गाणं लिहिलं ते स्वतःचा बाप जिथे कामाला होता त्या बंद गिरणीवर.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत हरिश्चंद्र स्टुडिओतला टेपरेकॉर्डर मागून घेऊन आजोळी आला. त्याला जाखडीच्या नाचाचा ठेका टिपून न्यायचा होता, गाण्याच्या ड्रमसाठी. ठेका मिळाला. विसर्जनानंतर दोन दिवसांनी गंगाराम मासळीला गेला तो आला नाही. होडी वरवड्याच्या बाजूला पालथी सापडली. तो सापडला नाही.

"आठव्या दिवशी मी परत निघालो होतो. येसूमावशी समुद्राकाठी पुळणीवर उभ्या राहून हाका मारत होत्या. रोजच मारायच्या. मशीन माझ्या खांद्याला होतं." हरिश्चंद्रने कापसाचा शेवटचा तुकडा खाली टाकला. "मी बटण दाबलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती."

स्टुडिओत गाणं चारदा वाजवून झालं, तरी मधे काहीतरी पोकळ राहत होतं. फाटक्या स्पीकरमधून गिटार सोडून बघितली, बाटलीच्या काचेने तार घासून बघितली. मग एका दुपारी हरिश्चंद्रने ती कॅसेट लावली. ड्रम वाजवणारा पोरगा उठून बाहेर गेला. अनिलने एवढंच विचारलं, या बाईंना विचारलंयस ना? आणि हरिश्चंद्र म्हणाला, विचारलंय.

त्यानंतर त्याने मोठ्या फितीवर तो आवाज उतरवून घेतला, दाढीच्या पात्याने हवा तेवढा कापला आणि गाण्यात जोडला. स्टुडिओ बंद पडल्यावर तो रत्नागिरीला परतला, दुकान टाकलं. काळबादेवीला मात्र गेला नाही. मामाच्या बाराव्यालाही त्याने दुखण्याचं निमित्त सांगितलं होतं. दुरुस्त केलेला कुठलाही स्पीकर लावून बघताना आधी जी नुसती खरखर येते, त्या खरखरीत त्याला ती हाक ऐकू येई. म्हणून तो स्पीकरला जोडणी देण्याआधीच गाणं चालू करून ठेवी.

"त्या आहेत का अजून?" अक्षयाने विचारलं.

"आहेत. मागल्या वर्षी बाजारात कुणीतरी म्हणालं."

अक्षया बॅग उचलून उठली. आपण आत्ताच जाऊन विचारू या, म्हणाली. हरिश्चंद्रने मान हलवली. तिने उद्या यावं, आज तो एकटाच जाईल, असं तो म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुन्हा विचारावं लागलं.

*

दुपार कलायला लागली तेव्हा त्याने साखरतरचा पूल ओलांडला. स्कूटरवर पायाजवळ पिशवीत जुना टेपरेकॉर्डर होता, आणि आत बुरशी पुसलेली ती कॅसेट. फीत चालते का हे बघायला दुकानात त्याने सुरुवातीचे दोन सेकंद लावले होते आणि वाऱ्याचा आवाज आल्याबरोबर बंद केलं होतं. चाळीस वर्षांत त्याने ती कॅसेट पुरी ऐकली नव्हती.

मामाच्या घराच्या जागी आता कुणाचं तरी पिवळं सिमेंटचं घर होतं. दोन घरं सोडून येसूबाईंचं घर मात्र ओळखू आलं. अंगणात दोन माणसं उभी राहतील एवढ्या मांडवावर बांगडे सुकत घातले होते आणि एक पन्नाशीची बाई काठीने कावळे हाकत होती. तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"हरीदादा ना?"

ती मैना होती, गंगारामची बहीण. भाऊ गेला तेव्हा आठ वर्षांची. तिचं पुढे काय झालं हे हरिश्चंद्रला ठाऊक नव्हतं. कधी मनातही आलं नव्हतं. बांगडे उलटे करता करता तिने थोडक्यात सांगितलं. लांज्याला दिली होती, काजूच्या कारखान्यात होती, मूलबाळ झालं नाही, नवरा वारला तशी परत आली. आता सुकी मासळी विकते. आई आहे, पडवीत बसलेली. दिसतं बरं, ऐकूही येतं, पण माणसं एकमेकांत मिसळतात.

"सगळ्यांना गंगा म्हणते. तुम्हालाही म्हणेल. मनावर घेऊ नका."

"तुलासुद्धा?"

"मी ओ देते," मैना म्हणाली.

येसूबाई समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, पाचवारी साडीत एवढ्याशा झालेल्या. हरिश्चंद्र पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात केसांतच ठेवून विचारलं, "गंगा, केस कदी रे पिकले तुजे?"

हरिश्चंद्र जमिनीवर बसला आणि खुर्चीच्या पायाकडे बघत बोलला. मावशी, मी हरी, मंगलचा मुलगा. गंगाराम गेला तेव्हा तुमचा आवाज मी तुम्हाला न विचारता मशीनमध्ये भरून घेतला. गाण्यात घातला. ते गाणं आता सगळीकडे वाजतं. मी चुकलो. मैना दाराच्या चौकटीशी उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातली काठी तिने हळूच भिंतीला टेकून ठेवली.

येसूबाईंना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "माजा आवाज? लाव बगू."

त्याने मशीन पडवीच्या कठड्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. आधी वारा. मग लाटेचा आवाज, आणि मग ती हाक. छोट्याशा स्पीकरमधून आली तरी अंगणातले कावळे मांडवावरून उठले. मैनाने चौकट धरली.

"कोण गो ही?" येसूबाईंनी विचारलं.

"तूच ती, आये."

"मी? येवढा मोटा आवाज व्हता माजा?"

दुसरी हाक आली, तिसरी आली. येसूबाई आता मशीनकडे बघत नव्हत्या. प्रत्येक हाकेनंतर त्या समुद्राकडे बघत आणि थोडं थांबत. चौथी हाक वर चढू लागली तसा हरिश्चंद्रचा हात आपोआप बटणाकडे गेला. गाणं इथेच तुटतं. पुढे काही कामाचं नव्हतं. कुणाचं तरी पोर मधे मधे किरकिरत होतं म्हणून तो भाग त्याने तेव्हा काढून टाकला होता, एवढंच त्याच्या लक्षात होतं.

येसूबाईंनी त्याचा हात धरला. "ऱ्हाव दे."

हाक पूर्ण झाली. ती त्याला आठवत होती त्याहून लांब होती आणि शेवटी नुसता श्वास उरला होता. त्या श्वासामागून, मशीनच्या अगदी जवळून, एक बारीक आवाज आला.

"आये, चल ना घरी."

वारा. लाट. बाईने पुन्हा हाक मारली. तिच्या खालून तो बारीक आवाज बोलतच होता.

"आये, चल. आये, मी हाय ना. आये, मी हाय ना गो."

तो न थकता तेच म्हणत होता. रडत नव्हता. समजूत घालत होता. मधेच हाका मारणारी बाई कुणाकडे तरी वळली असावी, कारण तिचा आवाज एकदम जवळ आणि कोरडा आला. "गप ऱ्हा गो तू." त्यानंतर बारीक आवाज आला नाही. पुढे बराच वेळ नुसत्या हाका होत्या, मग खट्‌ असा आवाज होऊन फीत थांबली.

हरिश्चंद्रने मशीनवरून हात काढून मांडीवर ठेवला. पुळणीवरची ती संध्याकाळ आता त्याला दिसत होती. त्याच्या आणि येसूमावशींच्या मधे एक पोर उभं होतं, परकराचा ओचा दाताखाली धरलेलं. त्याच्याकडे त्या पोरीने वळून बघितलंही होतं. आवाज स्वच्छ यावा म्हणून त्याने तिला हातानेच बाजूला हो म्हणून खुणावलं होतं.

"पोरगी कोनाची ती?" येसूबाईंनी विचारलं.

मैना चौकट सोडून पडवीत आली.

"आवाज येयाचा बंद जाला तिचा. कुटं गेली?"

"घरी गेली," मैना म्हणाली.

"कोनासंगट?"

"एकटीच."

येसूबाईंचे ओठ हलले. बोटांनी त्या साडीचा काठ चाचपत राहिल्या. "जेवली काय ती?"

मैनाने भिंतीला टेकलेली काठी उचलली. "सकाळची पेज व्हती," ती म्हणाली. "ती प्याली."

"नुसती पेज," येसूबाई म्हणाल्या.

*

मैना त्याला सोडायला अंगणाच्या टोकापर्यंत आली. बांगड्यांवर कापड टाकलं, दोन्ही टोकांना दगड ठेवले. मग पाठमोरीच उभी राहून तिने विचारलं, "गाण्यात हे शेवटचं आहे?"

"नाही. मी कापलं."

"का?"

खोटं सांगायला अनेक गोष्टी होत्या. जागा नव्हती, फीत खराब होती. हरिश्चंद्र म्हणाला, "गाण्यातल्या बाईला दुसरं कुणी असून चालत नव्हतं."

मैनाने तिसरा दगड उचलला, कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरला.

"घरातपण चालत नव्हतं," ती म्हणाली.

ती रागाने बोलली नव्हती. बाजारात मासळीचा भाव सांगावा तशी बोलली होती. हरिश्चंद्रला वाटलं, ती रागावली असती तर आपल्याला इथे उभं राहणं सोपं गेलं असतं. त्याने अक्षयाबद्दल सांगितलं, ती आली आहे, तिला नाव छापायचं आहे आणि त्यासाठी येसूबाईंचा होकार हवा आहे. नको असेल तर हाक काढूनही टाकता येईल. मग गाण्यात चौथ्या मिनिटाला भोक राहील, पण राहू दे.

मैनाने विचार केला. "उद्या त्यांना पाठवा," ती म्हणाली. "आयेला मी विचारीन. तुम्ही नका विचारू."

"बरं."

"आणि ती कॅसेट ठेवून जा. मशीनसकट."

त्याने पिशवी तिच्या हातात दिली. बटणं कशी चालतात ते सांगू लागला तर ती म्हणाली, लांज्याला होता तिच्याकडे असला. पिशवी तिने छातीशी धरली. ऊन उतरलं होतं. पाण्यावरून दोन ट्रॉलर मिरकरवाड्याच्या बंदराकडे परत चालले होते आणि त्यांच्या इंजिनांची धडधड किनाऱ्यावर उशिरा पोचत होती. हरिश्चंद्रने स्कूटर स्टँडवरून काढली, किल्ली लावली.

तेवढ्यात पडवीतून हाक आली.

आवाज खोल गेलेला, चिरलेला होता, पण सूर तोच होता. हरिश्चंद्रचा हात किल्लीवरच राहिला. पुढचा शब्द त्याच्या कानात आधीच तयार होता, चाळीस वर्षं तयार होता, म्हणून आलेला शब्द त्याला क्षणभर कळलाच नाही.

"मैनाऽऽ..."

त्याने मैनाकडे बघितलं. ती जागची हलली नव्हती. तिने ओ दिली नव्हती. पिशवी धरून ती घराकडे पाठ करून उभी होती, आणि डोळे मिटलेले होते. चुकून आला असेल शब्द, असं तिला वाटत होतं की काय कुणास ठाऊक. ती थांबली होती.

हरिश्चंद्रने किल्ली परत फिरवली. इंजिन सुरू न करता, चाकाखाली वाळू वाजणार नाही अशा बेताने स्कूटर ढकलत तो रस्त्याकडे चालू लागला. मागे पडवीत म्हातारीने पुन्हा श्वास भरून घेतलेला त्याला ऐकू आला.